तिसऱ्या मजल्यावरचा फोन

नाही ग, साखर नको मला. डॉक्टरनं बंद केलीय — आणि मी डॉक्टरांचं ऐकते बाई, जन्मभर तेच केलं, आता सत्तरी उलटल्यावर कुठं बंड करू? तू घाल. आणि तो केक संपव, चर्चच्या बायकांनी आठवडाभर पुरेल एवढं बांधून दिलंय, जसं काही माणूस गेलं की मागं राहिलेल्यांना भूक दुप्पट लागते. बस, उठू नकोस. तू विचारलंस ते ऐकलं मी. गुडघे गेलेत, कान नाही गेले. आर्डिथनं नर्सिंग का सोडलं — हेच ना? मग ती होती तेव्हा तिलाच का नाही विचारलंस? — विचारलंस? आणि काय म्हणाली? — 'व्हर्नामावशीला विचार'? असं म्हणाली? कधी, आजारपणात? — हं. माझ्यावर का ढकललं कोण जाणे. तुझी आई तशीच होती म्हणा, जाताजाताही कुणाला तरी कामाला लावल्याशिवाय राहायची नाही.

बरं, सांगते. लांब नाहीये फार. चौसष्ट साल, फेब्रुवारी, नदी गोठलेली. आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात. मी सकाळी सात ते दुपारी तीन, ती तीन ते रात्री अकरा. तुझ्या आईचा हात इतका हलका ग — शीर सापडत नाही म्हटलं की खालच्या मजल्यांवरून बोलावणं यायचं तिला. अकरा वर्षं नोकरी. आणि ईस्टरला नर्सची टोपी काढून ठेवली ती ठेवली, शाळेच्या जेवणघरात बटाटे वाढायला लागली. तू तेव्हा सात वर्षांची ना? मग तुला आठवत असेल, घरी कशी वागायची ते. — अ‍ॅस्पिरिन देतानासुद्धा? बाटली तीनदा वाचायची? मोठ्यानं? — आणि तू गिळलीस की पुन्हा एकदा? अरे देवा. नाही, मला नव्हतं माहीत. म्हणजे वॉर्डात करायची ते माहीत होतं. औषधांची फेरी अर्ध्या तासाची, तिला दोन तास लागायला लागले, पेशंट झोपून जायचे ताटकळून. घरीही तेच चालायचं हे नव्हतं माहीत.

तर झालं असं, की विद्यापीठातून एक डॉक्टर आला होता — टेट त्याचं नाव, मनाचा डॉक्टर, गोरटेला, फार गोड बोलणारा. त्याला बघायचं होतं की डॉक्टरनं काहीही सांगितलं तर नर्स करते का. आता हे बघायला विद्यापीठ कशाला हवं? मला विचारलं असतं तर मी जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं असतं. अग, त्या काळी डॉक्टर टेबलापाशी आला की आम्ही उठून उभं राहायचो आणि आपली खुर्ची त्याला द्यायचो. मी छत्तीस तास जागी असेन आणि तो कालचा पोरगा असेल, दाढीसुद्धा धड न फुटलेला — तरी मी उठायची. शिकवलंच होतं तसं, थर्मामीटर कसा झटकायचा ते शिकवलं त्याच आठवड्यात. चिडायचं वगैरे काही नाही, सवयच होती. पाय आपोआप उठायचे.

त्यानं केलं काय, औषधांच्या कपाटात एक बाटली ठेवून दिली. नवीन औषध, नाव कुणी ऐकलेलं नाही. वर ठळक लिहिलेलं — दिवसाला जास्तीत जास्त दोन गोळ्या. आत नुसती साखर, पण ते आम्हाला काय ठाऊक. आणि मग त्याच्या कुणा मदतनिसानं दुसरीकडून फोन करायचा — 'मी डॉक्टर मेरिक बोलतोय, तुमच्या पेशंटला, डूलींना, त्यातल्या चार गोळ्या द्या आत्ता, मी पोचतोय वीस मिनिटांत, सही तेव्हा करीन.' मेरिक नावाचा डॉक्टर आमच्याकडे नव्हताच. फोनवरून औषध द्यायचं नाही असा नियमही होता, भिंतीला लावलेला, काचेत घालून. पण नियम भिंतीवर असतो आणि डॉक्टर समोर असतो. सही आधी मागितली की वरपर्यंत बोभाटा व्हायचा, ही बाई फार शहाणी समजते म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी सातला वाजला फोन. तुझ्या आईनं घेतला. होय डॉक्टर, होय डॉक्टर. बाटली काढली. वाचली — वाचली हं तिनं, मला स्वतः म्हणाली, 'व्हर्ना, मी वाचलं होतं. दोन असं लिहिलेलं मी वाचलं आणि चार मोजल्या.' कागदाच्या पेल्यात घातल्या, पाण्याचा ग्लास घेतला आणि डूलींच्या खोलीकडे निघाली. दाराशी मागून कुणीतरी कोपर धरलं. टेट. 'थांबा, हा नुसता प्रयोग आहे.' पेला हातातून पडला, गोळ्या घरंगळल्या, आणि डूली आतून ओरडतायत, 'आर्डिथ, काय सांडलंस ग, माझं जेवण तर नाही ना?' ती हसली. खाली बसून चारही गोळ्या वेचल्या, टेटच्या हातात दिल्या, थँक्यू डॉक्टर म्हणाली, आणि अकरापर्यंत ड्यूटी केली. नंतर म्हणायची, 'त्यानं माझं कोपर धरलं नसतं तर? रोज रात्री मी त्या दारातून आत जाते व्हर्ना, आणि मला कुणी धरत नाही.'

झालं. हेच कारण. त्यानंतर तिचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही. कुणी तिला काही बोललं नाही, शिक्षा नाही, पगार कापला नाही. उलट टेटनं सगळ्यांना खाली बोलावून कॉफी पाजली आणि सांगितलं, अठराजणींना फोन केले, सतराजणी गोळ्या घेऊन निघाल्या, तुमचा काही दोष नाही, कुणालाही इजा झालेली नाही. साखरच होती! इजा कुठून होणार? तुझी आई माझ्या शेजारी बसली होती, कप हातात तसाच, प्यायली नाही. आता म्हणे असं करता येत नाही, आधी माणसाला सांगावं लागतं, सही घ्यावी लागते. चांगलंय. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. उंदरालाही कोणी विचारत नाही म्हणा.

काय? ती अठरावी? — कुणास ठाऊक. नावं सांगितली नव्हती. आर्डिथ तेव्हा खूपदा म्हणायची, 'ती एकजण कोण असेल ग? एकदा तिचा हात हातात घ्यायचाय मला.' वर्षभर म्हणत होती. मग बंद झालं, मला वाटलं विसरली, बरं झालं. — मला? मला कशाला विचारतेस? आला होता की, मलाही आला होता फोन. तिसऱ्या मजल्यावर दोघींना आले. रविवारी दुपारी, डॉक्टर लोक जेवायला गेलेले, मी एकटी टेबलाशी —

रविवारी म्हणजे... हो. तिच्या आधीच्या रविवारी. चार दिवस आधी. — असं बघू नकोस ग माझ्याकडे. आईचेच डोळे घेतलेस अगदी.

बरं, मीच ती. झालं? मी नाही म्हणाले. पण थांब, लगेच चेहरा असा उजळू नकोस, त्यात काही नाही. तुला वाटेल मला नियम आठवला, डूलींची काळजी वाटली, सदसद्विवेक का काय तो जागा झाला. टेटनंही तेच लिहिलं असणार. खरं सांगू? तो फोनवरचा मेरिक 'प्लीज' म्हणाला. 'प्लीज, मिस्टर डूलींना चार गोळ्या द्याल का?' — अग, सव्वीस वर्षांत मला एकही डॉक्टर प्लीज म्हणाला नव्हता! मला वाटलं तळघरातल्या लाँड्रीतला कुणी टवाळ पोरगा चेष्टा करतोय. मी म्हटलं, 'हे बघ, तुला काय द्यायचं ते वर येऊन दे,' आणि फोन आपटला. एवढंच माझं शौर्य. तो खेकसला असता ना, तर मी चारच्या जागी आठ दिल्या असत्या, आणि वर पाणी पाजलं असतं.

आणि मग चादरींच्या खोलीचं दार उघडून टेट बाहेर आला, वही घेऊन. तासभर आत बसला असेल उशांच्या गठ्ठ्यावर, पाठीला पीस चिकटलेलं. तो आला तशी मी उठले. खुर्ची दिली. तो बसला माझ्या खुर्चीत आणि मला सांगायला लागला, तुम्ही किती स्वतंत्र विचाराच्या, तुम्ही आज्ञा मोडलीत, शंभरात एखादी असते — आणि मी आपली उभी, हात मागे बांधून, शाळेतल्या पोरीसारखी. बरं वाटलं ग मला. खोटं कशाला बोलू? कधी कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. प्लीजचं मी काही सांगितलं नाही. मग उठताना म्हणाला, 'हे कुणाशीही बोलायचं नाही. अभ्यास पुरा व्हायला तीन आठवडे आहेत. एकीला जरी कळलं तरी सगळं वाया जाईल.' तेव्हा प्लीज नाही म्हणाला तो. आणि मी म्हटलं, होय डॉक्टर.

हसू येतं ना? मला नाही येत. पूर्वी यायचं.

तीनला आर्डिथ आली. बर्फानं गाल लाल, तुझ्या शाळेतल्या कुठल्या नाटकासाठी पंख शिवत होती, त्याचे धागे कोटाला लागलेले. आता तुला रिपोर्ट म्हणजे काय ते कळायचं नाही — ड्यूटी सोपवताना जाणारीनं येणारीला सगळं सांगायचं, बिछान्याबिछान्याचं. कोण झोपला, कुणाला लघवी झाली, कुणाची बायको येऊन रडून गेली, कुठला दिवा लुकलुकतोय. काहीही वगळायचं नाही. आमच्यात तोच धर्म होता बघ — डॉक्टर चुकतील, देव चुकेल, पण नर्सनं नर्सला रिपोर्टमध्ये हातचं राखून काही सांगायचं नाही. कारण तुझ्यामागं वॉर्ड तिच्या हातात असतो. मी बावीस पेशंटांचा रिपोर्ट दिला. डूलींचाही दिला — ताप नाही, पोट साफ, नर्सवर चिडचिड चालू. ती हसली, वहीत लिहिलं, आणि शेवटी विचारतात तसं विचारलं, 'आणखी काही?' मी म्हटलं, नाही.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी — रोज विचारलं तिनं. विचारायचीच पद्धत होती ती. आणि रोज मी म्हटलं, नाही.

मला वाटलं आर्डिथला करणारच नाहीत फोन. मग वाटलं केला तरी ती कसली फसतेय, माझ्याहून दुप्पट हुशार. मग वाटलं, फसली तरी काय, साखरच आहे. माणूस स्वतःला किती समजावतं, सुतावरून स्वर्ग गाठतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं ग — 'आर्डिथ, फोनवरून कुणाचं काही ऐकू नकोस या आठवड्यात.' कारणसुद्धा सांगायला नको होतं. कोटाची बटणं लावतालावता म्हणता आलं असतं. कोण फाशी देणार होतं मला? टेट काय माझा नवरा होता का मालक? तासाभरापूर्वी पाहिलेला माणूस. आणि त्याच सुमारास मिस प्लमर निवृत्त व्हायच्या होत्या, मुख्य नर्सच्या जागेसाठी आमच्या दोघींचीच नावं — नाही, त्याचा काही संबंध नाही. संबंध नाही म्हटलं ना. मी का बोलले ते कोण जाणे, थकलेय मी, आठवडाभर नीट झोप नाही. खरंच नव्हतं डोक्यात. निदान तेव्हा नव्हतं.

ती जागा मला मिळाली, हो. ती तर सोडूनच गेली. अठरा वर्षं मुख्य नर्स होते आणि नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायची, बायांनो, प्रश्न विचारा, डॉक्टर म्हणाला म्हणून मान डोलवू नका. टाळ्या वाजवायच्या त्या. संध्याकाळी घरी येऊन मी बूट काढून बसायची आणि दिवासुद्धा लावावासा वाटायचा नाही.

पण तुझ्या आईची न माझी मैत्री काही तुटली नाही हं. तेवढं खरं आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही नदीवरच्या त्या हॉटेलात तळलेले मासे खायला जायचो, हे तुला माहीतच आहे. पंचवीस वर्षं, एक शुक्रवार चुकला नाही, तुझ्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा गेलो. ती लिंबू माझ्या बशीत टाकायची, मी कोबी तिच्या. हजार गोष्टी बोललो. हे सोडून. तिला कधी कळलं नाही, एवढीच देवाची कृपा. त्यात तिची एक मैत्रीण तरी शाबूत राहिली. नाहीतर तेही गेलं असतं.

हे काय काढलंस? रुमाल हवाय का, तिथे आहे बघ — कागद? तिच्या खणातला? आण इकडे, माझा चष्मा... हा बघ, गळ्यातच आहे. विद्यापीठाचं पत्र. हो, हो, असं मलाही आलं होतं पुढच्या वर्षी, निकाल छापून सगळ्याजणींना पाठवले होते, मी न फोडता शेगडीत टाकलं. काय लिहिलंय — 'सहभागी परिचारिकांची नावं गुप्त ठेवण्यात आली आहेत.' सहभागी म्हणे. कधी सहभागी झालो होतो? खाली तक्ता दिलाय. मजला, वार, वेळ, परिणाम. दुसरा मजला, सोमवार... तिसरा मजला, पुरुष, गुरुवार, संध्याकाळी सात, आज्ञा पाळली. तिसरा मजला, पुरुष, रविवार, दुपारी दोन —

अग पण हे कुणी छापलं असं? नाव नाही घातलं म्हणून झालं? रविवारी दुपारी दोनला तिसऱ्या मजल्यावर कोण असतं ते आख्ख्या इस्पितळाला पाठ असतं! ड्यूटीचा तक्ता आम्ही झोपेत म्हणून दाखवू. एवढे शिकलेले लोक आणि —

ही पेन्सिल कुणाची? ही रेघ, रविवारच्या खाली? — तिची. हो, तिचाच हात. आणि बाजूला वार लिहिलेत. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू. पाच. पाच रिपोर्ट. पुढं काही नाही.

पासष्ट सालचा मार्च, हा शिक्का बघ.

म्हणजे ती... मासे खाताना, इतकी वर्षं, समोर बसून... आणि एका शब्दानं नाही ग. एका शब्दानं नाही. मी म्हणत होते तिला कळू नये, आणि ती दर महिन्याला येत होती, की ही आज तरी आपणहून बोलेल. वाट बघत होती. तिनं मला शिव्या घालायला हव्या होत्या. तोंडावर थुंकायला हवं होतं. मी काय केलं तिचं, मी काय केलं ग —

नको. हात नको लावूस. तू काही बोलू नकोस, मला माहीत आहे तू काय बोलशील, तू चांगली मुलगी आहेस. जा तू आता. कागद राहू दे इथे. — नाही, कुणाला फोन करू नकोस, मी ठीक आहे. दार जरा जोरात ओढ, थंडीत नीट लागत नाही ते. जा.